एचआयव्हीसह जगणाऱ्यांना चर्च खरा आधार कसा देऊ शकतं

चर्चने एचआयव्हीबद्दल काय करावं, असा विषय निघाला की बोलणं लगेच उपक्रमांकडे वळतं. शिबिर घेऊ, पत्रकं वाटू, १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाची खास उपासना ठेवू. यातलं काहीच वाईट नाही. पण ज्याच्या खिशात पॉझिटिव्ह रिपोर्ट आहे आणि जो दर रविवारी आपल्याच शेजारच्या बाकावर बसतो, त्याच्या मनात वेगळेच दोन प्रश्न घोळत असतात. इथे कुणाला सांगितलं तर ते त्याच्यापाशीच राहील का? आणि मी रोज घेतो ती गोळी म्हणजे माझा विश्वास कमी, असं इथे समजलं जाईल का? या दोन प्रश्नांना मंडळीकडे पक्की उत्तरं नसतील, तर बाकीच्या योजना कितीही मोठ्या असल्या तरी त्या माणसापर्यंत पोचत नाहीत. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

आकडे थोडक्यात सांगते. २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. त्यांतल्या साधारण ३ कोटी १६ लाख जणांचे उपचार चालू होते, म्हणजे ९० लाखांहून जास्त माणसं उपचाराबाहेर होती. त्या एका वर्षात सुमारे ६ लाख ३० हजार मृत्यू झाले, आणि तेही चांगलं औषध हाताशी असताना. माणूस औषधापर्यंत न पोचण्याची कारणं अनेक आहेत. दवाखाना लांब असतो, पुरवठा तुटतो, हातात पैसे नसतात. या अडचणी सोडवणं बहुतांशी सरकारांच्या हातात आहे. पण लाज आणि भीती हेही एक मोठं कारण आहे, आणि तिथे चर्चला करण्यासारखं खूप आहे. कारण बऱ्याच ठिकाणी ती भीती व्यासपीठावरूनच पेरली गेली. जागतिक चर्च परिषदेने १९८७ मध्येच हे मान्य केलं होतं: विषाणूपेक्षा भीती जास्त वेगाने पसरली, आणि गप्प राहिलेल्या चर्चचाही त्यात वाटा आहे.

आधी आजार नीट समजून घेऊ

एचआयव्ही हा विषाणू शरीराच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या सीडी फोर पेशींवर हल्ला करतो. उपचार झाले नाहीत तर काही वर्षांत या पेशी इतक्या घटतात की एरवी शरीर सहज परतवून लावेल असे आजारही जीवघेणे ठरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असणं वेगळं आणि एड्स होणं वेगळं. वेळेवर औषध सुरू करून ते नियमित घेणाऱ्या बहुतेकांना एड्स होतच नाही. त्यांचं आयुष्य जवळपास इतरांइतकंच असतं.

विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो असुरक्षित लैंगिक संबंधांतून, संसर्ग असलेल्या रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आणि गर्भारपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला. हस्तांदोलन, मिठी, एकत्र जेवण, एकच शौचालय, डास, खोकला, अश्रू यांतून तो जात नाही. लाळेतूनही जात नाही. म्हणूनच प्रभुभोजनाच्या सामायिक प्याल्यातून एचआयव्ही होण्याची भीती निराधार आहे. उलट ज्याच्या सीडी फोर पेशी फार कमी झाल्या आहेत, त्यालाच त्या प्याल्यातून दुसऱ्या कुणाचं सर्दी-पडसं लागण्याची काळजी घ्यावी लागते. एचआयव्ही असलेल्या माणसाला शेवटच्या रांगेत बसवणं किंवा त्याच्यासाठी वेगळा प्याला ठेवणं याला वैद्यकशास्त्रात काडीचा आधार नाही, आणि शुभवर्तमानात तर नाहीच नाही.

आता औषधाचं. १९९६ च्या सुमाराला तीन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि या आजाराचं सगळं चित्र पालटलं. तेव्हा दिवसाला मूठभर गोळ्या घ्याव्या लागत. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. या उपचाराला एआरटी म्हणतात. औषध विषाणूची वाढ थांबवतं. रक्तात विषाणू किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. गोळी नियमित घेतली तर बहुतेकांचा व्हायरल लोड साधारण सहा महिन्यांत इतका खाली येतो की तपासणीत विषाणू सापडतच नाही.

पुढची गोष्ट प्रत्येक पाळकाला, फादरना, संडे स्कूलच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी. ज्याचा विषाणू तपासणीत सापडत नाही आणि ज्याचं औषध चालू आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला एचआयव्ही होत नाही. २०१६ मध्ये युरोपातल्या १४ देशांतल्या ८८८ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या जोडप्यांत एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता. निरोधाशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले, पण एकाही जोडीदाराला आपल्या साथीदाराकडून संसर्ग झाला नाही. जी गोळी माणसाला जगवते, तीच त्याच्या जोडीदाराचंही रक्षण करते.

पण विषाणू सापडला नाही म्हणजे आजार बरा झाला, असं नाही. काही पेशींमध्ये तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा दडून राहतो आणि तिथवर औषधाचा हात पोचत नाही. गोळी बंद केली की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. ही एवढी गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण चर्चमध्ये होणारं सगळ्यात मोठं नुकसान इथूनच सुरू होतं.

गोळी आणि प्रार्थना

समजा, एका बहिणीचं निदान झालं. तिने औषध सुरू केलं आणि पाळकांकडे प्रार्थनाही मागितली. सहा-आठ महिन्यांनी रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. आनंदाने तिने उपासनेत साक्ष दिली, ‘प्रभूने मला बरं केलं, माझा रिपोर्ट कोरा आला.’ सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. ती खोटं बोलत नव्हती. रिपोर्टवर खरोखर तसंच छापलेलं होतं. पण त्याच उपासनेत मागच्या रांगेत दुसरा कुणी बसला होता, ज्याचा आजार कुणालाच माहीत नव्हता. त्याने ही साक्ष ऐकली. तिला मिळालं तर मलाही मिळेल, आणि अजून गोळी घेत राहणं म्हणजे अविश्वास, असं त्याने मनाशी धरलं आणि घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा कपाटाच्या मागे टाकला.

पहिले काही महिने त्याला काहीच जाणवणार नाही. उलट बरंच वाटेल, कारण औषधाचे काही दुष्परिणाम असतील तर ते थांबतील आणि विश्वास आणखी दृढ होईल. आत मात्र विषाणू वाढत असतो, पेशी कमी होत असतात. औषध कधी घेतलं, कधी सोडलं असं झालं तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचाही धोका असतो, आणि मग दुसरं औषध शोधावं लागतं. थांबत-थांबत उपचार घेतले तर काय होतं, हे ३३ देशांतल्या साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत तपासलं गेलं होतं. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध थांबवलेल्या गटातही गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अखंड औषध घेणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त निघाला. देखरेख नसताना, कुणालाही न सांगता औषध सोडणाऱ्याचं काय होत असेल, याची कल्पना करा.

म्हणून साक्ष बंद करा, असं मी म्हणत नाही. उपकारस्तुती करायचा त्या बहिणीचा हक्क आहे. पण पाळकांनी आधी तिच्याशी बोलावं, रिपोर्टचा अर्थ तिला कळला आहे ना ते पाहावं, आणि साक्षीत तिने स्वतःच सांगावं की औषध चालू आहे आणि चालूच राहणार आहे. साक्ष ऐन वेळी आली तर पाळकांनी तिथल्या तिथे एक वाक्य जोडावं: ‘देवाने आपल्याला औषधही दिलंय, कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नका.’ एखाद्याचा जीव वाचायला एवढं वाक्य पुरेसं ठरू शकतं.

‘मी बरा झालो, पुन्हा तपासा’ असा आग्रह कुणी धरला, तर त्याला हेही सांगावं लागतं की साधी एचआयव्ही चाचणी शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते आणि ती औषध चालू असतानाही सहसा पॉझिटिव्हच राहते. आजवर ज्यांच्या शरीरातून विषाणू कायमचा गेल्याचं वैद्यकीयदृष्ट्या मानलं गेलं, अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं रक्ताच्या कर्करोगासाठी स्टेम सेल प्रत्यारोपण झालं होतं. तो उपचार इतका धोक्याचा आहे की केवळ एचआयव्हीसाठी कुणी करत नाही.

आणि शास्त्रवचनांतूनच बोलायचं, तर हिज्कीया राजाची गोष्ट काढावी. तो मरणाला टेकला होता, त्याने भिंतीकडे तोंड करून रडून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली आणि त्याच्या आयुष्याची १५ वर्षं वाढवली. पण त्याच गोष्टीत यशया संदेष्टा अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधायला सांगतो. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी लेप लावायचा राहिला नाही. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो. ज्या धर्माच्या शास्त्रात हे सगळं आहे, त्यात गोळी आणि प्रार्थना यांच्यात भांडण लावायचं कारणच काय?

उपासाचाही मुद्दा इथेच येतो. उपासप्रार्थनेच्या दिवसांत काही जण गोळीही सोडतात. पाळकांनी आधीच जाहीर करावं की औषध पाण्याबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही. आज सर्वाधिक वापरात असलेली डोल्युटेग्राविर असलेली गोळी जेवणासोबत किंवा जेवणाशिवायही घेता येते. रिल्पिविरिनसारखं एखादं औषध मात्र जेवणासोबतच घ्यावं लागतं. असं औषध चालू असलेल्याने उपास करूच नये, आणि त्याबद्दल त्याला कुणी कमी लेखू नये.

गुपित कुणाचं

याकोबाच्या पत्रात आजारी माणसाबद्दल लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचून पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बोलवायचं आजाऱ्याने. कधी, कुणाला आणि किती सांगायचं, हे तो ठरवतो. मंडळीने हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं.

तो कसा उलटा होतो ते पाहा. एक तरुण पाळकांना एकांतात सांगतो. पाळक मनापासून हेलावतात आणि महिला मंडळाच्या प्रमुख बहिणीला म्हणतात, ‘आपल्या अमुकसाठी जरा विशेष प्रार्थना करा, गंभीर आहे.’ त्या विचारतात, काय झालं? पाळक अर्धं सांगतात. संध्याकाळी प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो: ‘एका तरुण भावाच्या रक्तात मोठा आजार निघाला आहे, कळकळीने प्रार्थना करा, कुणाला सांगू नका.’ दोन दिवसांत नाव सगळ्यांना माहीत असतं. यातल्या एकाच्याही मनात वाईट हेतू नव्हता, सगळ्यांनी प्रार्थनाही केली. त्या तरुणाचं लग्न मात्र मोडतं, किंवा भाड्याची खोली जाते, किंवा त्याच्या भाचीला संडे स्कूलमध्ये बाजूला बसवतात. आणि तो चर्चला यायचा बंद होतो. पुढच्या वेळी आणखी कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर तो माणूस पाळकांच्या दारात पाऊलही टाकणार नाही, कारण आधीच्याचं काय झालं ते त्याने पाहिलेलं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. जी मंडळी गुपित राखू शकत नाही, तिने एचआयव्हीसाठी कुठलाही उपक्रम सुरू करू नये. आधी तोंड सांभाळायला शिकावं.

त्यासाठी काही साध्या सवयी लावाव्या लागतात. कुणी सांगितलं की पाळकांनी तिथेच विचारावं, ‘हे मी आणखी कुणाला सांगितलेलं तुला चालेल का? माझ्या पत्नीला?’ हा शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, पण तो विचारायलाच हवा, कारण बहुतेक ठिकाणी पाळकांच्या पत्नीला सगळं माहीत असतं असंच लोक धरून चालतात. मदतनिधीच्या वहीत आजाराचं नाव लिहू नये, ‘वैद्यकीय मदत’ एवढंच लिहावं. पूर्वी वर्षातून एकदा भेटणारे पाळक अचानक दर आठवड्याला एकाच घरी जाऊ लागले तर शेजाऱ्यांच्या नजरेत ते येतंच. म्हणून कुठे भेटायचं, हेही त्या माणसालाच विचारावं. आणि प्रार्थनेची विनंती आली तर नाव न घेता, आजार न सांगता, ‘एका कुटुंबाच्या गरजेसाठी’ म्हणून प्रार्थना करता येते. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

पहिल्या भेटीत काय बोलावं, असं पुष्कळ जण विचारतात. काय विचारू नये, ते आधी सांगते: ‘कसा झाला?’ हा प्रश्न विचारू नये. त्या उत्तराने तुमची उत्सुकता भागेल, त्याचा काही फायदा होणार नाही. त्याऐवजी ‘सांगितलंस, बरं केलंस. औषध सुरू झालं का? झोप लागते का? अजून कुणाला माहीत आहे?’ इतकं पुरे. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्या सात दिवसांत त्यांनी सगळ्यात चांगलं काम केलं. बोलू लागल्यावर ते चुकले.

निदानानंतरचे पहिले आठवडे नाजूक असतात. ‘आता जगून काय करू?’ असं कुणी म्हणालं तर ते उडवून लावू नका, आणि लगेच वचन वाचूनही दाखवू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. येत असेल तर त्याला एकट्याला सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची गाठ घालून द्या.

उपदेशात काय बोलावं

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून येशूला विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू तो प्रश्नच बाजूला सारतो. एचआयव्हीबद्दल चर्चमध्ये आजही तोच प्रश्न कुजबुजत विचारला जातो. मग माणसांची मनातल्या मनात वाटणी होते. बाळाला झाला तर बिचारं, रक्तातून झाला तर दुर्दैव, नवऱ्याकडून झाला तर सोशिक बाई, आणि बाकीच्यांना झाला तर फळ भोगतायत. ज्यांच्याबद्दल कळवळा दाखवला जातो, त्यांनाही अशा कळवळ्याने आपला इतिहास सिद्ध करत बसावं लागतं. मंडळीने कुणाचाच इतिहास विचारू नये. संसर्गाचा मार्ग जाणून घेतल्याने उपचार बदलत नाहीत आणि कृपाही बदलत नाही.

कुष्ठरोग्याचा दाखला उपदेशात फार वापरला जातो. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू आधी हात लावतो आणि मग ‘शुद्ध हो’ म्हणतो. स्पर्श आधी आला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण हा दाखला जपून वापरावा. एचआयव्हीचा विषय निघाला की दर वेळी कुष्ठरोग्याचीच गोष्ट सांगितली, तर ऐकणाऱ्याच्या मनात हा माणूस अशुद्ध आणि वेशीबाहेरचा अशीच गाठ बसते. त्याला वेशीबाहेर कुणी काढलेलं नाही. तो आतच आहे, गायकवृंदात गातोय, बाकं पुसतोय, दशमांश देतोय.

रोजच्या मदतीचं काय

गरज काय आहे ते विचारून मदत करावी. कुणाला दवाखान्यात जाण्यापुरता प्रवासखर्च हवा असतो, कुणाला त्या दिवशी मुलं सांभाळणारं कुणी हवं असतं. अनेक देशांत प्रकृती स्थिर असलेल्यांना आता तीन ते सहा महिन्यांची औषधं एकदम देतात, त्यामुळे चकरा कमी झाल्या आहेत. पण ती तारीख चुकली तर नुकसानही तेवढंच मोठं होतं. एखाद्या विश्वासू माणसाने आठवण करून देणं, एवढी मदतही कधी कधी पुरते.

घरभेटीला जाणाऱ्यांनी चार लक्षणं लक्षात ठेवावी: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं. एचआयव्ही असलेल्यांचे सगळ्यात जास्त मृत्यू क्षयरोगाने होतात. क्षयरोग बरा होतो आणि टाळताही येतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर त्याच आठवड्यात तपासणीला पाठवा. आणि उपासनेच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. ते सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

मुलांकडे वेगळं लक्ष द्यायला हवं. जन्मापासून एचआयव्ही असलेलं मूल आज औषधामुळे मोठं होतं, तरुण संघात येतं, शिबिराला जातं. आता तीन दिवसांच्या निवासी शिबिराचा विचार करा. एका दालनात वीस मुलं झोपतात, पिशव्या सगळ्यांच्या नजरेसमोर असतात. सोळा वर्षांची मुलगी डबीतून गोळी काढणार कशी? ती तीन दिवस गोळी घेतच नाही. शिबिराच्या प्रमुखाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की ज्यांची कुठलीही औषधं चालू आहेत त्यांच्यासाठी रात्री नऊ वाजता ऑफिसची खोली मोकळी असेल, एकेकाने जावं, कुणी काही विचारणार नाही, तर दमा असलेला मुलगाही जाईल, ॲलर्जी असलेलाही जाईल आणि तीही जाईल. याला एक पैसा लागत नाही.

मुलाला त्याच्या आजाराबद्दल कधी सांगावं, हा पालकांचा आणि समुपदेशकाचा निर्णय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे शाळकरी वयात, म्हणजे ६ ते १२ वर्षांच्या दरम्यान, समज पाहून टप्प्याटप्प्याने सांगावं. संडे स्कूलच्या शिक्षिकेने ते चुकूनही आधी सांगू नये.

लग्न, मूल, आणि स्त्रीची सुरक्षितता

काही चर्चमध्ये लग्न लावण्याआधी एचआयव्हीचा रिपोर्ट मागतात. हेतू संरक्षणाचा असतो, पण सक्तीची चाचणी योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तिला पाठिंबा देत नाही. संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीच्या प्रकारानुसार तो काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंतही दिसत नाही, म्हणजे निगेटिव्ह कागदाने खोटी खात्री मिळते. एकाच चाचणीवरून पॉझिटिव्ह ठरवणंही चूक आहे, खात्रीसाठी आणखी चाचण्या लागतात. आणि लग्न थांबवलं की संपूर्ण मंडळीला कारण कळतं. विवाहपूर्व समुपदेशनात दोघांनी मिळून, स्वखुशीने तपासून घ्यावं असं सुचवावं, चाचणी केंद्राची माहिती द्यावी, पण रिपोर्ट बघायला मागू नये. तो त्या दोघांचा आहे.

एकजण पॉझिटिव्ह निघाला तरी लग्न होऊ शकतं, मुलंही होऊ शकतात. कसलेही उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात औषध नीट चालू असेल तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं, चांगले उपचार असलेल्या ठिकाणी एक-दोन टक्क्यांपेक्षाही कमी. जोडीदाराला संसर्ग होऊ नये म्हणून त्याने आधीच घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही मिळतात.

पत्नी पॉझिटिव्ह निघाली तर ‘आजच नवऱ्याला सांग, लपवणं पाप आहे’ असा दबाव पाळकांनी टाकू नये. अनेक घरांत रिपोर्ट आधी बाईचा येतो, कारण गर्भारपणात तपासणी तिची होते, आणि मग दोषही तिच्याच माथी मारला जातो. मारहाण होते, घराबाहेर काढलं जातं. नवऱ्याला कळायला हवं, हे खरं. पण कधी, कुठे आणि कुणाच्या सोबतीने, हे तिने प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने ठरवावं. तिची सुरक्षितता आधी.

अत्याचार झालेली व्यक्ती पाळकांकडे आली तर एक गोष्ट घड्याळ लावून करायची असते. संसर्ग टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. तेव्हा प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवर करा.

निरोधाबद्दल वेगवेगळ्या चर्चची शिकवण वेगवेगळी आहे आणि तो वाद या लेखात मिटणार नाही. पण शिकवण कोणतीही असो, दवाखाना जी खरी माहिती देतो ती खोटी आहे असं कुणी सांगू नये. निरोध विषाणू अडवत नाही, अशा अफवा धर्माच्या नावाने पसरवल्या गेल्या आणि त्यांनी माणसांचं नुकसान केलं.

पाळकच पॉझिटिव्ह असतील तर

१९९२ मध्ये युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीरपणे सांगितलं. असं सांगणारे ते आफ्रिकेतले पहिले धर्मगुरू मानले जातात. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांना स्वतःच्या संसर्गाबद्दल कळलं होतं. तेव्हा आजच्यासारखं औषधही नव्हतं. ते धर्मगुरू म्हणून काम करत राहिले, एचआयव्ही असलेल्या धर्मगुरूंचं जाळं उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि २००९ मध्ये त्यांना निवानो शांती पुरस्कार मिळाला. एचआयव्ही असलेली माणसं म्हणजे मंडळीने ज्यांची सेवा करायची ते लोक, ही समजूत त्यांच्यामुळे अनेक ठिकाणी ढासळली. तेही उपदेश करतात, बाप्तिस्मा देतात, इतरांना सांभाळतात.

म्हणून मदतीची समिती नेमताना एचआयव्हीसह जगणाऱ्यांना त्यात घ्यावं, पण त्यासाठी त्यांना आपला आजार उघड करायला लावू नये. दवाखान्याच्या रांगेत किती वेळ जातो आणि कुठला समुपदेशक समजून घेतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आणि गरज पडायच्या आधीच, शांतपणे बसून, मंडळीने काही गोष्टी लेखी ठरवून ठेवाव्या: धर्मसेवेसाठी उमेदवार निवडताना एचआयव्ही चाचणी मागायची नाही, पाळकांना किंवा चर्चच्या कर्मचाऱ्यांना या कारणाने काढायचं नाही, आजारपणाची रजा आणि उपचारांची मदत इतर आजारांइतकीच मिळेल, आणि कुणी गुपित फोडलं तर त्याला पदावरून दूर व्हावं लागेल. हा कागद वर्षातून एकदा मंडळीसमोर मोठ्याने वाचावा. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला त्यासाठी कुणाला काही विचारावं लागणार नाही.